अर्थिंग दिलंय का?

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर वायरमन काका राहतात. वीज मंडळात ३४ वर्षं खांबांवर चढून ते निवृत्त झाले, पण त्यांच्या खिशातला टेस्टर काही निवृत्त झाला नाही. लग्नकार्यालासुद्धा सफारीच्या खिशातून पेनाशेजारी त्याचं पिवळं डोकं दिसतं. कुठल्याही बिघाडावर काकांचा प्रश्न एकच असतो, "अर्थिंग दिलंय का?" गीझरचा शॉक बसला, अर्थिंग दिलंय का. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, अर्थिंग दिलंय का. चौथ्या मजल्यावरची सून रुसून माहेरी गेली, तेव्हा जिन्यात उभं राहून काका तिच्या सासऱ्यांना हळूच काहीतरी विचारत होते. मला ऐकू आलं नाही, पण ओठांच्या हालचालीवरून संशय आहे.

मी या प्रश्नाला मनातल्या मनात हसायचो. मी सॉफ्टवेअरवाला. २८ वर्षं प्रोग्रॅम लिहिले, त्यातल्या एकालाही अर्थिंग लागलं नाही. आमच्या धंद्यात बिघाड झाला की यंत्र बंद करून परत चालू करतात आणि त्याचं बिल लावतात.

गेल्या भाऊबीजेला माझी भाची बंगळूरहून आली. ती चिपच्या व्हेरिफिकेशनमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामावर संशय घ्यायचा तिला पगार मिळतो. आमच्या घराण्यात ही कला पिढ्यान् पिढ्या फुकट चालत आली होती, तिचं पोटाचं साधन करणारी ही पहिलीच. तिने माझ्या हातावर दोन बोटांएवढा एक हिरवा-काळा बोर्ड ठेवला. टँग नॅनो ९के. "मामा, जन्मभर दुसऱ्यांच्या चिपवर प्रोग्रॅम चालवलेस. आता आतली चिपच लिहून बघ. हा एफपीजीए आहे."

बायकोने बोर्ड उलटासुलटा करून पाहिला. "आणि हा करतो काय?"

"अजून काहीच नाही," भाची म्हणाली. "काय करायचं ते मामा ठरवणार."

"मग नाहीच करणार," असं म्हणून बायको फराळाची ताटं आवरायला गेली.

एफपीजीएचं पूर्ण नाव फील्ड प्रोग्रॅमेबल गेट ॲरे. नावात गेट आहे, पण आत बहुतेक पाठांतर आहे. माझ्या बोर्डवरच्या चिपमध्ये ८,६४० छोटे खण आहेत. एकेका खणाला चार तारा येतात. चार तारांवर शून्य-एकच्या १६ जोडण्या होऊ शकतात, आणि प्रत्येक जोडणीला काय उत्तर द्यायचं हे त्या खणाने घोकून ठेवलेलं असतं. तो हिशेब करत नाही. पावकी-निमकी पाठ असलेल्या पोराला विचारावं तसा नुसता म्हणून दाखवतो. झायलिंक्स कंपनीने १९८५ साली या जातीची पहिली विकाऊ चिप, एक्ससी२०६४, काढली, तेव्हा तिच्यात असे ६४ ठोकळे होते. म्हणजे एका वर्गाची शाळा. माझ्या बोर्डावर आता ८,६४० पोरं हजर होती आणि मास्तर नवीन होता.

पोरं विसराळूही होती. बहुतेक एफपीजीएंचं पाठांतर वीज असेपर्यंतच टिकतं. वीज गेली की पाटी कोरी, म्हणून धडा शेजारच्या फ्लॅश मेमरीत लिहून ठेवायचा आणि वीज आल्याबरोबर पुन्हा घोकायला लावायचं. हे मला पहिल्याच गुरुवारी कळलं. आमच्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते.

बायकोसमोर खर्चाचं आणि वेळेचं समर्थन करणं भाग होतं. मी म्हटलं, "नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी दुर्बीण आहे ना? ३० अँटेना, एकेकीचा व्यास ४५ मीटर. त्यांनी टिपलेल्या आकाशातल्या लहरींची मोजदाद करायला हेच एफपीजीए लागतात."

"ते आकाशगंगेचं ऐकतात," ती म्हणाली. "तुझा दिवा लागला का?"

दिवा हा या विद्येचा श्रीगणेशा. बोर्डावर सहा एलईडी असतात, त्यातला एक लुकलुकवायचा. आधी सॉफ्टवेअर उतरवणं आलं. मोठमोठ्या कंपन्यांच्या चिपांचं अधिकृत सॉफ्टवेअर डिस्कवर डझनांनी जीबी जागा अडवतं. घरातल्या लग्नाचे सगळे व्हिडिओ पुसले तरच ते मावेल, असा अंदाज मी मांडला तेव्हा बायकोने व्हिडिओंच्या नव्हे, सॉफ्टवेअरच्या विरोधात मत दिलं. सुदैवाने जगात खटपटी माणसं आहेत. २०१५ मध्ये क्लेअर वुल्फ आणि मंडळींनी आइसस्टॉर्म प्रकल्पात लॅटिस कंपनीच्या आइस४० चिपची गुप्त लिपी सोडवली. पद्धत आपल्या आजीची. पदार्थात एकच जिन्नस बदलायचा आणि चव कुठे बदलली ते बघायचं. रचनेत एक बारीक फरक करायचा, तयार फाइलमधली कोणती बिटं हलली ते टिपायचं, हे हजारो वेळा. पुढे माझ्या बोर्डावरच्या गोविन जातीच्या चिपसाठीही अपिक्युला नावाच्या प्रकल्पात अशीच खटपट झाली. त्यामुळे योसिस, नेक्स्टपीएनआर अशी हलकीफुलकी फुकट साधनं मिळाली आणि आमच्या लग्नाचे व्हिडिओ वाचले.

मग व्हेरिलॉग. ही भाषा दिसायला सी भाषेसारखी आहे, आणि हीच तिची फसवणूक आहे. सॉफ्टवेअर म्हणजे कीर्तन. बुवा एकच, ओळीमागून ओळ घेतात, मध्येच आख्यानात शिरतात आणि बरोबर मूळ पदावर परत येतात. व्हेरिलॉग म्हणजे लेझीम पथक. इथे ओळी एकामागून एक होतच नाहीत, सगळ्या एकदम होतात. ताशाचा ठोका पडेपर्यंत प्रत्येकाने शेजारी कसा उभा आहे ते बघून घ्यायचं आणि ठोका पडला की सगळ्यांनी एकाच वेळी पुढचं पाऊल टाकायचं. एका वाटीत आमटी आहे, दुसरीत कढी, आणि अदलाबदल करायची आहे, तर सॉफ्टवेअरला तिसरी वाटी लागते. व्हेरिलॉगमध्ये ठोका पडतो आणि आमटी-कढी जागा बदलतात, थेंब सांडत नाही. मी २८ वर्षांच्या सवयीने तिसरी वाटी घेतलीच. आमटी एक ठोका उशिरा आली.

माझ्या बोर्डावरचा ताशेवाला सेकंदाला २ कोटी ७० लाख ठोके देतो. मी लिहिलं, "प्रत्येक ठोक्याला दिवा उलटा कर." दिवा लागला आणि लागूनच राहिला, थोडा मंद. तासभर डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की तो बिचारा लुकलुकतच होता, सेकंदाला १ कोटी ३५ लाख वेळा. कमी पडत होते ते माझे डोळे. अर्ध्या सेकंदाने दिवा बदलायचा तर मधले १ कोटी ३५ लाख ठोके मोजत गप्प बसायला एक मोजणीदार नेमावा लागतो. शिवाय या बोर्डावरचे दिवे शून्य पाठवलं की लागतात आणि एक पाठवला की विझतात. याला ॲक्टिव्ह लो म्हणतात. दुसऱ्या गावच्या माणसाला हे विचित्र वाटेल. आमच्या पुण्यात दुकानदाराचं "बघा की, बघायला कुठे पैसे पडतात" ऐकत वाढलेल्याला नकाराची उलटी लिपी शिकवावी लागत नाही.

दिवा लुकलुकला, त्या रात्री मी तीनशे ओळींचं एक देखणं घड्याळ लिहिलं. तास, मिनिटं, सेकंद, गजर. साधनाने ते वाचलं, विचार केला आणि अहवाल दिला, वापरलेले खण शून्य. मी घाबरून भाचीला फोन लावला.

"मामा, घड्याळाचं आउटपुट कुठल्या पिनला जोडलंस?"

"अजून कुठेच नाही. आधी घड्याळ तर होऊ दे."

"मग टूलने ते काढून टाकलं. ज्याचा परिणाम बाहेर कुठेच दिसत नाही, ते त्याच्या दृष्टीने नसतंच."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ ऑफिसातल्या माझ्या २८ वर्षांचा विचार करत बसलो. हे साधन आमच्या मुख्य कार्यालयात कुणी एकदा चालवून पाहिलं असतं, तर पाच मजली इमारतीत चहावाला आणि एक शिपाई उरला असता.

बटणाने तर इज्जतच काढली. एकदा दाबलं की आकडा एकाने वाढावा, इतकी साधी अपेक्षा. एकदा दाबलं, आकडा सातने वाढला. दुसऱ्यांदा चारने. बटणातली पत्र्याची पट्टी टेकताना काही मिलिसेकंद थरथरते, आणि सेकंदाला पावणेतीन कोटी वेळा बघणाऱ्याला ती प्रत्येक थरथर वेगळं दाबणं वाटते. उपाय असा की एकदा हालचाल दिसली की २० मिलिसेकंद, म्हणजे ५ लाख ४० हजार ठोके, कानाडोळा करायचा आणि मग खरं काय ते बघायचं. याला डिबाउन्स म्हणतात. आमच्या घरी दारावरची बेल ऐकून मी पेपरामागून उठतो ती हीच पद्धत. बायको मात्र तिला आळस म्हणते.

एवढं होईपर्यंत माझ्याकडे हत्यार एकच होतं, मल्टिमीटर. पिन जोरात वरखाली होत असताना मी मीटर लावला तर आकडा १.६५ व्होल्ट. म्हणजे शून्यही नाही आणि ३.३ही नाही, बरोबर मधला. भिंतीपलीकडे नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण चालू असताना शेजाऱ्याने "तसं बरं चाललंय" म्हणावं, तसं मल्टिमीटर सरासरी सांगतो. कोण काय आणि कधी म्हणालं, हे हवं असेल तर लॉजिक ॲनलायझर लागतो.

तो आणायला मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने मान वर न करता चौकशी केली.

"वायरी हव्यात? मेल-फिमेल की फिमेल-फिमेल?"

"दोन्ही दहा-दहा."

"लांबी?"

"मध्यम."

"रंग?"

"कुठलाही चालेल."

"कुठलाही म्हणू नका, मागाहून तक्रार येते." मला वाटलं आता पत्रिका मागतो. मग त्याने काडेपेटीपेक्षा जरा मोठी एक काळी डबी काढली. आठ चॅनेल, २४ मेगाहर्ट्झ. ही डबी सेकंदाला २ कोटी ४० लाख वेळा आठही तारांकडे बघते आणि प्रत्येकीबद्दल "आहे" किंवा "नाही" एवढंच लिहून यूएसबीने लॅपटॉपकडे पाठवते. किती व्होल्ट, का, कशासाठी, असल्या भानगडीत ती पडत नाही. बाकीचं काम सिगरॉक मंडळींचं पल्सव्ह्यू हे फुकट सॉफ्टवेअर करतं. ते तारांवरच्या चढउतारांची चित्रं काढतं, आणि कोणती बोली आहे ते सांगितलं तर खाली भाषांतरही लिहितं.

घरी आल्याबरोबर मी डबीचा चिमटा थेट ठोके देणाऱ्या पिनवर लावला. ताशेवाल्याला रंगेहाथ पकडायचं होतं. पडद्यावर आकडा आला, ३ मेगाहर्ट्झ. म्हणजे २ कोटी ७० लाखांऐवजी फक्त ३० लाख ठोके! मी भाचीला मेसेज टाकला, "तुझा बोर्ड नवव्या हिश्श्याने काम करतो."

उत्तर आलं, "२७ मधून २४ वजा कर."

जुन्या सिनेमात टांगा पुढे धावतो आणि चाकं उलटी फिरताना दिसतात, तोच प्रकार. बघणारा २४चा आणि नाचणारा २७चा, मग दिसतो तो फक्त दोघांतला फरक. "जे बघायचं त्याच्या निदान चौपट वेगाने बघायचं," भाचीने पुढे लिहिलं, "आणि दर वेळी बोर्डावर संशय घेऊ नकोस, ते माझं काम आहे."

मी मुकाट्याने हळू गोष्टींकडे वळलो. एकाच तारेवरून अक्षर पाठवायचं. ही यूएआरटी नावाची जुनी आणि सोशिक बोली, सेकंदाला ९,६०० बिटं. २ कोटी ७० लाखांना ९,६०० ने भागलं की एका बिटाला २८१२.५ ठोके येतात. अर्धा ठोका ताशेवाला वाजवत नाही, म्हणून मी २८१२ वर तडजोड केली. एवढ्या फरकाकडे यूएआरटी लक्ष देत नाही. पाठवायचं अक्षर ठरलेलंच होतं. पाटीवर पहिलं काढतात ते, अ. रोमन ए एका बाइटमध्ये मावतो, आपल्या अ ला तीन लागतात, ई०, ए४ आणि ८५. प्रत्येक बाइटला पुढे एक आणि मागे एक बिट धरलं की ३० बिटं, जेमतेम ३ मिलिसेकंदांचं काम. दर सेकंदाला एक अ. भाचीच्या धाकाने आधी सिम्युलेशनही केलं. कागदावर अ सुरेख उमटला.

लॅपटॉपला यूएसबीच्या जागा दोन. एकीत माउस, दुसरीत ॲनलायझर. म्हणून बोर्डाला मोबाइलच्या चार्जरवर लावलं, चिमटा पिनवर अडकवला आणि बटण दाबलं.

पडद्यावर करवत उमटली. एकसारखे चौकोनी दाते, डावीकडून उजवीकडे, न थकता. पल्सव्ह्यूने खाली भाषांतर म्हणून चुकीच्या खुणांची लाल माळ लावली. मला काही अर्थ लागेना.

दोन संध्याकाळी मी त्या करवतीखाली काढल्या. २८१२चे २८१३ केले. पिन बदलली, वायर बदलली. बिटं उलट्या क्रमाने जातात हे आठवलं आणि क्रम तपासला, बरोबर होता. शेवटी पाठवणारा भागच काढून टाकला, तरी दाते तसेच. मग चार्जरचं बटण बंद केलं. दाते जरा डळमळले, पण गेले नाहीत. मेलेला बोर्ड बोलतो हे पाहून मी देवघराकडे नजर टाकली.

तेवढ्यात वायरमन काका सोसायटीच्या वीजबिलाचा कागद सहीसाठी घेऊन आले. मी चार्जर परत चालू केला. काका चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ वाकले.

"करवत काढलीय होय?"

"सिग्नल आहे, काका. असा नको आहे, पण असाच येतोय."

"या दात्यापासून त्या दात्यापर्यंत किती?"

मी मोजून सांगितलं, "२० मिलिसेकंद."

काकांनी बोटंसुद्धा मोजली नाहीत. "म्हणजे सेकंदाला पन्नास. साहेब, हे तुमचं काही नाही. ही आमची लाइन आहे."

मी बघतच राहिलो.

"३४ वर्षं रोज अंगाखांद्यावर खेळवली, ओळखणार नाही का?" खिशातल्या टेस्टरवर त्यांनी उगाच एक टिचकी मारली, आणि मग तो प्रश्न आला.

"अर्थिंग दिलंय का?"

मी हसणार होतो. तोंड उघडलंही होतं. मग माझी नजर टेबलाच्या कडेला पडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीकडे गेली. आत ॲनलायझरबरोबर आलेली काळी वायर होती, अजून रबरबँडमध्ये. वायरीवर चिठ्ठी होती, ग्राउंड.

आता काकांचं अर्थिंग आणि माझं ग्राउंड हे सख्खे नव्हेत, चुलत आहेत. त्यांचं जमिनीत कोळसा-मिठाच्या खड्ड्यात जातं, माझं नुसतं या डबीतून त्या बोर्डात. पण घराणं एकच. ३.३ व्होल्ट म्हणजे कशाच्या मानाने ३.३? सिंहगड १,३१२ मीटर उंच आहे तो समुद्रसपाटीपासून, पायथ्याच्या टपरीवर उभं राहून मोजला तर आकडा वेगळाच येणार. बोर्ड आणि ॲनलायझर यांनी शून्य कशाला म्हणायचं हे आधी एकमेकांशी ठरवायला हवं, आणि ते ठरवते ती काळी वायर. इतके दिवस ती न जोडता चाललं, कारण दोघेही एकाच लॅपटॉपमध्ये खोचलेले होते, यूएसबीच्या केबलमधून त्यांचं शून्य आपोआप एक होत होतं. माउसला जागा हवी म्हणून मी बोर्डाचं बिऱ्हाड चार्जरवर हलवलं आणि तो धागा तुटला. दोघांचे पाय दोन वेगळ्या जमिनींवर, आणि मधल्या फटीत घरभर पसरलेली ५० हर्ट्झची घरघर. माझी डबी दोन दिवस इमानाने तेवढीच लिहून घेत होती.

मी रबरबँड काढला. काळ्या वायरीचं एक टोक डबीत, दुसरं बोर्डाच्या ग्राउंड पिनवर. काढून टाकलेला पाठवणारा भाग परत चढवला आणि बटण दाबलं.

करवत गेली. सरळ रेघ आली. एका सेकंदाने त्या रेघेवर बारीक काड्यांची एक जुडी उगवली, पुढच्या सेकंदाला दुसरी. पल्सव्ह्यूने जुडीखाली तीन स्वच्छ चौकटी काढल्या, ई०, ए४, ८५.

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. "लागला का दिवा?"

"दिवा नाही, अक्षर आलंय."

काकांनी चष्मा नाकावर घेतला आणि त्या काड्या जवळून निरखल्या. "काय लिहिलंय हे?"

"अ."

"अर्थिंगचा ना?" काका म्हणाले, आणि वीजबिलाचा कागद सहीसाठी माझ्यापुढे सरकवला.